मार्करनं बोलायचं नसतं

काकूंच्या घरात खोली भाड्यानं मिळवण्यासाठी मला एक वजाबाकी करावी लागली होती. साल दोन हजार चार. पुण्याहून वॉटफर्डला येऊन मला अकरा दिवस झाले होते, कंपनीनं दिलेल्या हॉटेलातले दिवस संपत आले होते आणि ऑफिसातल्या एकानं पत्ता दिला होता. "मराठी बाई आहेत, एकट्याच राहतात, स्वभावानं चांगल्या आहेत, फक्त जरा तऱ्हेवाईक आहेत," असं तो म्हणाला होता. दार उघडलं ते पांढऱ्या वेणीच्या, साडीवर कार्डिगन घातलेल्या एका ठेंगण्या बाईंनी. मी नोकरीचं पत्र, बँकेचं पत्र, पासपोर्ट अशी सगळी चळत हातात धरून उभा होतो. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"एकशे सत्तेचाळीसातून एकोणनव्वद गेले. किती राहिले?"

माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. त्यांनी त्या हाताकडे असं काही पाहिलं की तो तिथंच थांबला. मनातल्या मनात हातचा घेत मी म्हणालो, "अठ्ठावन्न."

"बरोबर. पण फार वेळ लावलास. कॉम्प्युटरवाला ना तू?" त्या दारातून बाजूला झाल्या. "ये आत. बूट तिथं काढ. आणि तुझ्या खोलीच्या दारामागे डार्टबोर्ड आहे, तो हलवायचा नाही."

डार्ट्स हा खेळ तोवर मला फक्त पबमधल्या कोपऱ्यात दिसलेला होता. गोल फळीवर छोटे बाण फेकतात, एवढीच माझी माहिती. काकूंनी पहिल्याच रविवारी चहाबरोबर मला त्याचं शास्त्र शिकवलं. पाचशे एकपासून सुरुवात करायची. एका खेपेला तीन बाण. फळीवर एक ते वीस आकड्यांची घरं, आणि प्रत्येक घरात दुपटीची आणि तिपटीची एकेक पट्टी. जेवढे गुण मिळतील तेवढे वजा करत जायचं, आणि बरोबर शून्यावर यायचं. शेवटचा बाण मात्र दुपटीच्या घरातच लागला पाहिजे. म्हणजे एक जरी उरला तरी सगळं मुसळ केरात, कारण एक ही कशाचीच दुप्पट नव्हे. ती अख्खी खेप मग फुकट जाते.

"आणि तुम्ही काय खेळता, काकू?"

"मी फेकत नाही. मी वजा करते," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात लोक आपण सर्जन असल्याचं सांगतात.

हकीकत अशी होती. साठच्या दशकाच्या शेवटी त्या लग्न होऊन इथं आल्या. काका छापखान्यात कामाला. शुक्रवारी छापखान्यातली मंडळी पबमध्ये डार्ट्स खेळत, आणि घरी एकटीनं बसायचं तरी किती, म्हणून काकूही कोट चढवून जात आणि कोपऱ्यात ऑरेंज स्क्वॉश पीत बसत. त्या खेळात एक काम कुणालाच नको असायचं, ते म्हणजे खडू घेऊन फळ्यावर वजाबाक्या मांडायचं. त्या माणसाला मार्कर म्हणतात. बियरच्या तिसऱ्या ग्लासानंतर वजाबाक्यांवरून भांडणं होत. एका शुक्रवारी मार्करचं डोकं खाजवणं संपेना, तेव्हा काकूंनी कोपऱ्यातूनच उत्तर सांगितलं. पुढच्या खेपेलाही सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्या मार्करनं येऊन खडू त्यांच्या हातात ठेवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पावकी, निमकी, दीडकी सगळं पाठ होतं माझं. यांना साधी एकोणीस त्रिक सत्तावन्न येईना."

पुढं बारा-तेरा वर्षं त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. पबच्या लीगमधून त्यांना कौंटीच्या सामन्यांना बोलावणी येऊ लागली. "साडीतली बाई असली की भांडण होत नाही," अशी त्यांची ख्याती झाली. त्या शाकाहारी, दारूला स्पर्श नाही, चतुर्थी पाळणाऱ्या. पण धुरानं कोंदलेल्या त्या गर्दीत त्यांचा शब्द शेवटचा असे.

या खेळाचं वळण त्यांच्या सगळ्या बोलण्याला लागलेलं होतं. पाहुणा फार वेळ बसला की तो गेल्यावर म्हणत, "तीन बाण झाले की बाजूला व्हावं माणसानं, हे कळतच नाही काहींना." कुणाचं लग्न लांबलं की, "दुप्पट सापडत नाहीये त्याला." शाळेत त्या डिनर लेडी होत्या, म्हणजे दुपारच्या वेळी मुलांना जेवण वाढायच्या. मुलांनी रांगेत वजाबाकी करून दाखवली तर जास्तीचा बटाटा मिळे, असं त्यांनीच मला सांगितलं. हे हेडमास्तरांना कळलं तेव्हा त्यांनाही काकूंनी एक वजाबाकी घातली होती. हेडमास्तरांना ती आली नाही, आणि विषय तिथंच संपला.

माझ्या खोलीच्या दारामागच्या बोर्डवर मी कधीकधी बाण फेकायचो. जिन्याखालून आवाज यायचा, "किती?" मी गुण सांगायचो, खालून उरलेले यायचे. माझे बाण भिंतीत जायला लागले तेव्हा त्यांनी भिंतीवर जुनं कार्पेट ठोकून दिलं. रागावल्या नाहीत. "जाऊ दे. फेकणं सगळ्यांना जमत नाही," एवढंच म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मला कळेना. इतकं प्रेम, इतकी हौस, आणि घरात फळा कुठंच नव्हता. खडूही नव्हता. त्या सगळं तोंडी करत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सोडलं मी ते. पंचवीस वर्षं होतील आता." आणि कुकर लावायला उठल्या.

दर जानेवारीत त्या एक पत्र लिहीत. जुन्या खेळाडूंना मान म्हणून डार्ट्सवाल्यांचा एक हॉल ऑफ फेम होता, त्याच्या कमिटीला. त्यात एकाच माणसाची शिफारस असे. तो उत्तरेकडचा, कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करून एका कानानं अधू झालेला, धिप्पाड गडी. कौंटीच्या फायनलमध्ये एकदा पोचला होता, पण जिंकला कधीच काही नव्हता. लोक त्याला 'वन-थर्टी-सेव्हन' म्हणत, आणि हसून म्हणत. अशा माणसाला हॉल ऑफ फेममध्ये कोण घेणार? पण दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात उत्तर आलं. त्या वर्षी घेतलेल्या चौघांमध्ये त्याचं नाव होतं. सोहळा ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी, नॉरफकच्या किनाऱ्यावरच्या एका हॉलिडे कॅम्पमध्ये. पत्रलेखिकेला आग्रहाचं निमंत्रण.

मला वाटलं, काकू हरखून जातील. त्या पत्र हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता जावं लागणार."

त्या संध्याकाळी त्यांनी मला व्हिडिओ कॅसेट दाखवली. तीच ती फायनल. स्थानिक टीव्हीनं एक कॅमेरा लावला होता आणि तेवढा तुकडा नाताळच्या गमतीजमतींच्या कार्यक्रमांत पुढं वर्षानुवर्षं देशभर दाखवला गेला. चित्रात उजवीकडे फळ्यापाशी एक पाठ दिसत होती. तपकिरी कोट, खाली साडीचे काठ, काळीभोर वेणी.

"ही मी," काकू म्हणाल्या.

त्यांनी कॅसेट थांबवत थांबवत सगळं समजावलं. त्याचे दोनशे अठरा उरले होते. साठ लागले, वीस लागले, तिसरा बाण एकाच्या घरात रुतला. तो वळून आपल्या ग्लासाकडे निघाला आणि त्याची पाठ फिरल्यावर तो तिसरा बाण फळीवरून खाली पडला. पडलेल्या बाणाचे गुण नसतात. काकूंनी ऐंशी वजा करून एकशे अडतीस लिहिले. गुण पुकारणारा कॉलर ऐंशी ओरडलाही, पण हॉलमध्ये गोंधळ, आणि त्याचा तो कान. त्यानं एक्क्याऐंशी धरले होते. त्याच्या हिशेबानं उरले एकशे सदतीस.

"पण फळ्यावर लिहिलेलं होतं की."

"फळ्याकडे बघायचाच नाही तो. आणि विचारायचा तर कधीच नाही. मार्करला विचारणं म्हणजे कमीपणा वाटायचा त्याला. आपलं आपण मोजायचं."

पुढच्या खेपेला त्यानं तीन बाण टाकले. विसाची तिप्पट, एकोणिसाची तिप्पट, दहाची दुप्पट. बरोबर एकशे सदतीस. असे तीन बाण माणूस आयुष्यात एखाद्या वेळी टाकतो. त्यानं दोन्ही हात वर केले, आणि कॉलर म्हणाला, "नो स्कोअर." एक उरला होता. सगळा हॉल हसला.

काकूंनी कॅसेट मागं नेली. "आता माझ्याकडे बघ. त्याच्याकडे नको." पहिला बाण लागला. दुसरा लागला. त्या तपकिरी कोटावरची मान जराशी, अगदी दोरा ओढल्याइतकी हलली, आणि पुन्हा ताठ झाली.

"एकशे अडतीसवाला माणूस दुसरा बाण अठरावर टाकतो. यानं एकोणिसावर टाकला. मला त्याच क्षणी कळलं की हा चुकलाय. एक बाण बाकी होता अजून. मी नुसती खोकले असते तरी त्यानं वर पाहिलं असतं. फळा दिसला असता. सोळा उरतील असं काहीतरी मारलं असतं, आणि पुढच्या खेपेला एका बाणाचं काम होतं रे. समोरचा त्या खेपेला चुकला होता. पुढची खेप याला मिळाली होती. पण तोवर सगळा हॉल हसत होता, आणि त्याला एकशे अडतीस पहिल्यापासून मारायचे होते."

"मग खोकला का नाहीत?"

"मार्करनं फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. हलायचं नाही, वळायचं नाही. खेळाडूनं विचारलं, किती राहिले, तर आकडा सांगायचा. विचारलं नाही तर बोलायचं नाही." त्यांनी टीव्ही बंद केला. "नियमानं वागले मी. आणि एका माणसाचं जन्माचं हसं झालं."

त्या दिवसानंतर त्यांनी खडू हातात धरला नव्हता. काका समजूत घालून थकले आणि पुढं वारले. पत्रांतून त्यांनी हे कुणालाच कळवलं नव्हतं. "तोंडानं सांगायची गोष्ट आहे ती. त्याच्या तोंडावर." म्हणून त्यांना जायचं होतं. इतकी वर्षं जे पत्र यावं म्हणून धडपडल्या, ते आल्यावर त्या पायरीवर का बसल्या ते मला तेव्हा कळलं.

इथंच जन्मलेल्या, केंब्रिजला संशोधन करणाऱ्या त्यांच्या मुलीचा या सगळ्याला विरोध होता. ती फोनवर ओरडत होती आणि मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "आई, तुझी गुडघा अजून नीट नाही झाली. थ्री अवर्स ड्राइव्ह. फॉर डार्ट्स?"

"माझा गुडघा मी बघीन. ड्रायव्हर आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या. ड्रायव्हर म्हणजे मी. मला कुणी विचारलेलं नव्हतं, पण मी गेलो असतोच.

शनिवारी सकाळी सातला निघालो. काकूंनी तोच तपकिरी कोट काढला होता, पायांत पांढरे ट्रेनर्स, मांडीवर दशम्यांचा डबा. हॉलिडे कॅम्पवर जत्रा भरली होती. पाठीवर आपापली टोपणनावं लिहिलेल्या झगमगीत शर्टांतले पोट सुटलेले पुरुष, तशाच शर्टांतल्या त्यांच्या बायका, बेकन आणि व्हिनेगरचा वास. सगळे एकमेकांना ओळखत होते आणि सगळे खुशीत होते. काकूंना पाहून एकदोघा म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या, जणू कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं पण आठवत नव्हतं. आठवणार कसं? सगळ्या देशानं त्यांची पाठच तेवढी पाहिली होती.

चौघे मानकरी चार टेबलांशी सह्या देत बसले होते. वन-थर्टी-सेव्हनची रांग सगळ्यांत लांब होती. तो सुकून गेला होता, शर्ट खांद्यावरून ओघळत होता, कानात मशीन. काकू रांगेत उभ्या राहिल्या. अर्ध्या तासानं त्यांचा नंबर लागला. त्यानं फोटोवर सही करून दिली, काकू "थँक यू" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

"सांगितलंत?"

"नाही."

पुन्हा रांग. पुन्हा सही, पुन्हा "थँक यू". काकूंच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हणालो, "काकू, मी सांगू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोघांसाठी चहा आणायला गेलो. परत आलो तर त्या तिसऱ्यांदा रांगेत.

तिसरा फोटो पुढं ओढत तो हसून म्हणाला, "यू मस्ट बी व्हेरी फाँड ऑफ मी, लव्ह."

"आय न्यू," काकू म्हणाल्या.

त्याला ऐकू आलं नाही. त्यानं कानातलं मशीन चाचपलं आणि कान पुढं केला. मग काकूंनी, ज्या आवाजात शाळेच्या जेवणघरात दोनशे मुलं गप्प करत त्या आवाजात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. मीच ती मार्कर. तुम्ही दुसरा बाण एकोणिसावर टाकलात तेव्हाच मला कळलं होतं. मी खोकू शकले असते. खोकले नाही. आय अॅम सॉरी.

रांगेतल्या सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. त्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि काकूंच्या कोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"व्हाय डिडन्ट यू टेल मी?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता तो.

"यू डिडन्ट आस्क," काकू म्हणाल्या.

तो काहीतरी बोलणार होता, पण मागच्या माणसानं फोटो पुढं केला आणि त्यानं मान खाली घालून सही केली. काकू बाजूला आल्या. दुपारी सोहळा झाला. त्याच्या गळ्यात पदक घातलं. भाषणात तो चार वाक्यं बोलला, त्यांत ते एकशे सदतीस आलेच नाहीत. काकूंनी दशमीचा एक तुकडा मोडून तसाच डब्यात ठेवला. "त्याच्या चांगल्या दिवशी मी हे काय केलं," असं त्या दोनदा म्हणाल्या. मला त्यांची फार काळजी वाटली, आणि त्या माणसाचा थोडा रागही आला. इतकं सांगितल्यावर काहीतरी म्हणावं की नाही माणसानं?

रविवारी सकाळी नव्या-जुन्या मानकऱ्यांचे गमतीचे सामने होते. इलेक्ट्रॉनिक पाट्या बंद करून मुद्दाम लाकडी फळा आणि खडू ठेवला होता. आम्ही सामान गाडीत टाकत असताना कॅम्पचा एक माणूस धावत आला आणि म्हणाला, वन-थर्टी-सेव्हन खेळायला तयार नाही. त्याला मार्कर म्हणून तपकिरी कोटवाली बाई पाहिजे.

"मला नाही जमणार आता," काकू मला मराठीत म्हणाल्या.

"काकू, एकशे सत्तेचाळीसातून एकोणनव्वद गेले?"

"अठ्ठावन्न. गाढवा." आणि त्या चालू लागल्या.

फळ्यापाशी गेल्यावर त्यांनी आधी ओलं फडकं मागितलं, फळा कोपऱ्यांसकट पुसला, सुकू दिला. मग खडूनं दोन्ही बाजूंना पाचशे एक लिहिले. सुबक, ठसठशीत, शाळेतल्या सुविचारासारखे. फळ्याकडे तोंड केलं, पाठ ताठ केली. पुन्हा तीच पाठ दिसत होती, फक्त वेणी पांढरी होती. समोरच्या खेळाडूनं पहिली खेप खेळून घेतली.

वन-थर्टी-सेव्हन रेषेवर आला. हातात तीन बाण. अजून एकही फेकलेला नव्हता, त्याचे सगळेच्या सगळे गुण समोर हातभर आकड्यांत लिहिलेले होते. त्यानं फळ्याकडे पाहिलं नाही. काकूंच्या पाठीकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "व्हॉट हॅव आय गॉट लेफ्ट, लव्ह?"

हॉल हसला. काकू हसल्या नाहीत. वळल्याही नाहीत. मला त्यांचे खांदे दिसत होते, ते एकदा वर झाले आणि खाली आले.

"फाइव्ह हंड्रेड अँड वन," त्या म्हणाल्या.

"थँक यू," तो म्हणाला आणि त्यानं पहिला बाण टाकला.

दुसऱ्या खेपेलाही त्यानं विचारलं. तेव्हाही लोक हसले. तिसऱ्या खेपेला थोडे हसले. चौथ्या खेपेपासून कुणी हसलं नाही. तो रेषेवर यायचा, थांबायचा, विचारायचा. काकू आकडा सांगायच्या. तो थँक यू म्हणायचा. शेवटी त्याचे बत्तीस उरले. त्यानं विचारलं, काकूंनी सांगितलं, आणि त्याचे तिन्ही बाण सोळाच्या दुपटीच्या बाहेर गेले. मग समोरच्यानं सामना संपवला आणि हा पुन्हा हरला. दोघं म्हातारे हात मिळवून हसत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारचा झगमगीत शर्टवाला मला टिश्यू देत होता.

परतीच्या वाटेवर काकूंनी डबा उघडला आणि एकामागून एक तीन दशम्या खाल्ल्या. बोटांना लागलेला खडू त्यांनी पुसला नव्हता, तो दशमीलाही लागत होता. मी म्हणालो, "जिंकला असता तर बरं झालं असतं, नाही?"

"जिंकण्याचं काय एवढं," काकू म्हणाल्या. "नऊ वेळा विचारलं रे त्यानं. नऊही वेळा बरोबर सांगितलं मी."